नववं चित्र

घड्याळजींच्या घरात एक किस्सा होता. नवा पाहुणा आला, चहा झाला, गप्पा जरा मंदावल्या की तो निघायचाच. काचेच्या कपाटातलं हिरव्या कापडी बांधणीचं जाडजूड पुस्तक घड्याळजी दोन्ही हातांनी बाहेर काढत, टेबलावर मऊ फडकं पसरून त्यावर ठेवत आणि सांगत, "व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं आहे. परीकथा. पहिली आवृत्ती. बारा रंगीत चित्रं होती, त्यातलं नववं नाही. ते आमच्या लेकीने सातव्या वर्षी फाडून मोरीत टाकलं." पाहुणा हळहळला की हात हलवून म्हणत, "जाऊ द्या हो. मी केव्हाच माफ केलंय तिला." लेक तिथे असली तर तीही हसायची. चौतीस वर्षं ती हसत आली होती.

माफ केलंय असं सांगताना घड्याळजींची छाती जराशी फुगायची. त्यांचं त्यांना ते कळत नसे. त्यांच्या बायकोला कळायचं, आणि नेमकी त्याच वेळी ती कपबशा उचलून आत जायची.

जुनी पुस्तकं जमवणाऱ्यांची जातच निराळी. पुस्तक वाचण्यासाठी असतं हे त्यांना तत्त्वतः मान्य असतं, पण वाचायचं ते इतरांनी, आणि दुसरं एखादं. घड्याळजींकडे त्या एका राणीच्या काळातली परीकथांची त्रेचाळीस पुस्तकं होती. खाली दुकान, वर घर. दिवसभर खाली डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करायची आणि संध्याकाळी तेच भिंग घेऊन वर पुस्तकांवर वाकायचं, असा माणसाचा जन्म चालला होता. हिरवं पुस्तक पहिल्या आवृत्तीचं, हे कशावरून? तर त्यात एकशे अठराव्या पानावर आकडा चुकून एकशे एक्याऐंशी छापला गेला होता. दुसऱ्या आवृत्तीत चूक सुधारली. म्हणजे चुकलेलं पुस्तक अस्सल आणि सुधारलेलं दुय्यम. हे गणित त्यांच्या बायकोच्या गळी कधी उतरलं नाही. ती म्हणायची, "माणसांच्या बाबतीत का नाही हो लावत हा नियम?"

गावात हा रोग असलेला दुसरा माणूस एकच, शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर. दर रविवारी सकाळी ते यायचे. दोघं हात स्वच्छ धुवायचे, कोरडे करायचे आणि टेबलाशी बसायचे. मास्तरांकडेही तेच हिरवं पुस्तक होतं, पण दुसऱ्या आवृत्तीचं, आणि त्यात विकत घेतलं तेव्हापासूनच नववं चित्र नव्हतं. त्यामुळे घड्याळजींच्या प्रतीतलं नववं चित्र जागेवर होतं तोवर ते फार वेळ बघत बसत. एक मुलगी हातात दिवा घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरते आहे, आणि खाली पाण्यात दिव्याचा उजेड तिच्या आधी पोचला आहे. लाकडी ठशांवरून, एकेक रंग वेगळा दाबून छापलेलं. मास्तर म्हणायचे, "हा पाण्यातला पिवळा बघा. हा पिवळा मला आयुष्यात जमला नाही."

मग चौतीस वर्षांपूर्वी एके सोमवारी संध्याकाळी घड्याळजी दुकान बंद करून वर आले, तर सात वर्षांची लेक जमिनीवर मांडी घालून बसलेली, मांडीवर हिरवं पुस्तक उघडं आणि चित्रावर घालायचा पातळ कागद शेजारी पडलेला. चित्र नव्हतं. शिवणीपाशी फक्त बोटभर रुंदीची पट्टी उरली होती.

"चित्र कुठाय?"

"मला माहीत नाही, बाबा. मी नाही काढलं."

घड्याळजी ओरडणारे नव्हते. हात उचलणारे तर मुळीच नव्हते, आणि याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी एवढंच सांगितलं, की जोवर तू खरं सांगत नाहीस तोवर मी तुझ्याशी बोलणार नाही. आणि बोलले नाहीत. रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसत, पुस्तक दोघांच्या मध्ये ठेवत आणि वाट बघत. अर्धा तास, पाऊण तास. रागाचं चिन्ह नाही. चेहऱ्यावर नुसती अपेक्षा. मग उठून हात धुवायला जात.

अकराव्या संध्याकाळी ती म्हणाली, "मी फाडलं."

"कुठे टाकलंस?"

तिने जरा विचार केला. "मोरीत."

घड्याळजींनी बाह्या सरसावून मोरीची जाळी काढली आणि कोपरापर्यंत हात घालून शोधलं. केसांचा गुंता निघाला आणि शर्टाचं एक बटण. मग त्यांनी साबणाने हात धुतले, लेकीला खांद्यावर घेतलं आणि अख्ख्या दुकानात फिरवलं. भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांना तिच्या हाताने किल्ली दिली. खरं बोललीस, मला आणखी काही नको, असं ते तिला पुन्हा पुन्हा सांगत होते. त्या दिवशी बाप म्हणून आपण पास झालो असं त्यांना मनापासून वाटलं. पुढल्या रविवारी मास्तर आले तेव्हा त्यांनाही हा प्रसंग सविस्तर ऐकवला. मास्तर म्हणाले, "आता आपण दोघेही सारखे. तुमच्याकडे नववं नाही, माझ्याकडेही नाही." घड्याळजींना त्या बोलण्याने केवढा धीर आला होता.

या सगळ्याला चौतीस वर्षं झाली. लेक मोठी झाली, शिकली, तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली. ती रुग्णालयात कान तपासायच्या विभागात काम करू लागली. आठवड्यातून एकदा घरी येई, आईशी पोटभर बोले, बाबांची विचारपूस करी. पुस्तकांच्या कपाटाजवळ मात्र जात नसे. तिच्या स्वतःच्या घरात मुलांची पुस्तकंही उंच फळीवर असत आणि ती हात तपासून मगच खाली काढून देई. घड्याळजींना हे बघून समाधान वाटे. पोर धडा शिकली, असं ते म्हणत.

त्या गुरुवारी दुपारी मास्तरांचा निरोप आला. मास्तर आता अठ्ठ्याहत्तरचे. हृदयाने हात टेकले होते, डॉक्टरांनी एकटं राहायला मनाई केली होती, आणि मुलगा दोन दिवसांत त्यांना कायमचा आपल्या गावी नेणार होता. घर अर्धंअधिक आवरून झालं होतं. भिंतीवर चित्रांच्या जागी नुसते स्वच्छ चौकोन दिसत होते. मास्तर खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसले होते. शेजारी स्टुलावर औषधांच्या पट्ट्या, पाण्याचा तांब्या, आणि बशीत पेन्सिलीला टोक काढल्याची साल. म्हणजे अजून रेघोट्या ओढत होते.

"घड्याळजी, दार लावून घ्या," ते म्हणाले.

मग त्यांनी उशीखालून जाड पुठ्ठ्याची एक घडी काढून पुढे केली. घड्याळजींनी ती उघडली. दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये मुलगी दिवा घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरत होती.

आता इथे खोटं सांगण्यात अर्थ नाही. घड्याळजींच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते लेकीचं नाव नव्हतं. पहिल्यांदा आला तो आनंद. निखळ, बेशरम आनंद. त्यांचा हात आपसूक वरच्या खिशाकडे गेला, भिंग डोळ्याला लागलं आणि ते खिडकीच्या उजेडात चित्रावर वाकले. पिवळा तोच. कोपऱ्यात कोरणाऱ्याची बारीक खूण तीच. डाग नाही, वाळवी नाही, घडीची रेघ नाही. चौतीस वर्षं कुणीतरी तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं.

"कुठे मिळालं?" त्यांनी विचारलं. वाकूनच विचारलं.

"मिळालं नाही. तुमच्याच प्रतीतलं आहे."

घड्याळजींनी भिंग खाली केलं.

"तुम्हाला आठवतं का," मास्तर म्हणाले, "त्या रविवारी खाली गिऱ्हाईक आलं होतं. लंबकाच्या घड्याळासाठी हुज्जत घालत बसलं होतं. तुम्ही अर्धा तास खाली होतात. वहिनी पोरीला घेऊन बाजारात गेल्या होत्या. मी दोरा भिजवला."

दोरा म्हणजे काय हे घड्याळजींना विचारावं लागलं नाही. या नादातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं आणि प्रत्येक जण आपण ते फक्त ऐकून आहोत असं सांगतो. ओला दोरा पानाच्या मुळाशी शिवणीजवळ लावून ठेवायचा, पुस्तक मिटायचं, दहा मिनिटं थांबायचं. कागद त्या रेषेत भिजून मऊ होतो आणि पान नुसतं उचललं तरी सुटून येतं. कात्री नको, पातं नको. शेजारच्या माणसालाही कळत नाही, कारण आवाज होत नाही.

"माझ्या प्रतीत ते बसेल असं वाटलं होतं," मास्तर म्हणाले. "ठसे तेच, म्हटलं मापही तेच असणार. घरी जाऊन लावलं, तर वर आणि खाली बोटभर बाहेर. दुसऱ्या आवृत्तीची पानं त्यांनी छाटून लहान केली होती, ते माझ्या ध्यानातच आलं नाही."

"मग कडा का नाही कापल्यात?"

"पहिल्या आवृत्तीचं चित्र आहे, घड्याळजी. त्याच्या कडा कशा कापणार?"

आणि घड्याळजींनी मान डोलावली. खरोखरच डोलावली. मित्राच्या घरात चोरी करू शकणारा माणूस चित्राला कात्री लावू शकला नाही, हे त्यांना अगदी बरोबर वाटलं. मान डोलावून झाल्यावर आपण कशाला मान डोलावली ते त्यांना कळलं.

"दुसऱ्याच दिवशी परत आणणार होतो," मास्तर म्हणाले. "डिंकाने चिकटवून देणार होतो. मंगळवारी आलो तर कळलं, तुम्ही पोरीशी अबोला धरलाय. मग तोंडच उघडेना. आज सांगतो, उद्या सांगतो करता करता तिने कबूल केलं. तेव्हा, खरं सांगतो, मला हायसं वाटलं. सुटलो असं वाटलं."

"तुम्ही दर वेळी समोर बसून तो किस्सा ऐकलात, मास्तर."

"ऐकला. तुम्ही माफ केलंय म्हणायचात ना, तेव्हा मी मनात म्हणायचो, ही माफी मला मिळाली." त्यांना धाप लागली. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "पोरीला सांगा. मला तिच्यासमोर जायची हिंमत नाही."

घड्याळजींना त्यांच्यावर संतापायचं होतं. तसं मनात येतही होतं. पण अकरा संध्याकाळी त्या मुलीसमोर खुर्ची ओढून कोण बसलं होतं, हा प्रश्न संतापाच्या आधी येऊन उभा राहत होता. त्यांनी पुठ्ठ्याची घडी मिटली. "येतो," एवढं म्हणून ते निघाले. पन्नास वर्षांच्या ओळखीचा निरोप त्या एका शब्दात झाला.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून हिरवं पुस्तक काढलं. फडकं पसरायचं राहूनच गेलं. एकशे बाराव्या पानासमोर ती उरलेली पट्टी होती. चौतीस वर्षांत त्यांनी शेकडो लोकांना ती पट्टी बोटाने दाखवली होती, पण तिच्यावर भिंग कधी धरलं नव्हतं. जीव कळवळायचा म्हणून धरलं नाही, आणि कबुली मिळाली होती, तर बघायचं कशाला? आता त्यांनी ते धरलं. लहान मूल कागद ओढून फाडतं तेव्हा कडा वेडीवाकडी, दातेरी निघते. ही कडा सरळ होती आणि तिच्यावर कापसासारखी लव उभी होती. चित्राच्या कडेलाही तशीच लव होती. मनगटी घड्याळातला केसाएवढी स्प्रिंग हललेली ओळखणारा माणूस, आणि त्याला हे ढळढळीत दिसलं नव्हतं, कारण त्याने बघितलंच नव्हतं.

बायको मागे येऊन उभी राहिली. तिने चित्र बघितलं. "कुणी?"

"मास्तरांनी."

ती खुर्चीत बसली. पदराने तिने तोंड पुसलं.

"तुम्हाला एक सांगू?" ती म्हणाली. "दहाव्या दिवशी मी भाजी निवडत होते तर ती माझ्याजवळ आली. म्हणाली, आई, काय सांगितलं म्हणजे बाबा बोलतील? मी म्हटलं, खरं असेल ते सांग. तर म्हणाली, ते सांगून झालंय."

"मग तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, तू मध्ये पडू नकोस." तिचा आवाज चढला नव्हता. "मी मध्ये पडायला हवं होतं. ते माझं मी बघेन. तुम्ही आता तिच्याकडे जा. ती इथे येईपर्यंत थांबू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजी रुग्णालयात गेले. लेकीच्या कामाच्या जागी ते आजवर एकदाच आले होते, तिला नोकरी लागली तेव्हा. दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात तिची खोली. खोलीत आणखी एक छोटी खोली, भिंतींना आतून जाड स्पंज लावलेली, आणि मध्ये काच. काचेच्या अलीकडे बटणं असलेलं यंत्र घेऊन लेक बसली होती. काचेपलीकडे दोन वेण्यांची एक लहान मुलगी मोठाले हेडफोन लावून बसली होती.

"बाबा? आई बरी आहे ना?" ती अर्धवट उठली.

"बरी आहे, बरी आहे. तुझं चालू दे. मी बसतो."

ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, पुठ्ठ्याची घडी मांडीवर उभी धरून. लेक एकेक बटण दाबत होती. आत बारीक आवाज वाजत असावा, कारण मुलगी हात वर करत होती. वर, खाली. वर, खाली. लेक कागदावर खुणा करत होती. मग ती थांबली. तिची बोटं बटणांवरून दूर होती आणि ती फक्त काचेतून बघत होती. मुलीने तिच्याकडे पाहिलं, जरा घुटमळली, आणि हात वर केला.

"आत्ता तू काही वाजवलंस?" घड्याळजींनी विचारलं.

"नाही ना," लेक म्हणाली. "मुद्दाम थांबून बघावं लागतं. पुष्कळ मुलं करतात असं. कुणीतरी टक लावून वाट बघत असलं की त्यांना ऐकू येतं."

"खोटं बोलतात?"

"छे हो. खरंच ऐकू येतं त्यांना. आपल्याला काय हवंय ते चेहऱ्यावर दिसतं, मग ते देतात बिचारी." असं म्हणत तिने खुर्ची फिरवली आणि काचेकडे पाठ केली. "मग मी अशी बसते. चेहरा दिसला नाही की बरोबर उत्तरं येतात."

तपासणी संपली. मुलीला तिची आई घेऊन गेली. लेकीने दार लोटलं आणि बाबांसमोर येऊन बसली. "आता बोला. फोन न करता आलात म्हणजे काहीतरी आहे."

घड्याळजींनी वाटेत बोलण्याची जुळवाजुळव केली होती. त्यातलं एक अक्षर आठवेना. त्यांनी घडी उघडून चित्र तिच्यासमोर धरलं.

"हे नववं. मास्तरांकडे होतं. त्यांनी काढून नेलं होतं, तू ते पुस्तक हातात घेतलंस त्याच्या आदल्या दिवशी. तू फाडलं नव्हतंस."

लेक चित्राकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, "हे ते नाही."

"हेच आहे गं. कडा जुळवून बघितली मी."

"नाही बाबा. मी फाडलं त्यात पांढरा घोडा होता."

"नवव्या चित्रात घोडा कधीच नव्हता."

"पण मला आठवतंय ना." तिचा आवाज अगदी साधा होता, पत्ता सांगावा तसा. "मी खिडकीखाली बसले होते. घोड्याची मान इकडे होती. मी कोपरा धरला आणि ओढलं. टर्रकन आवाज झाला आणि मला भीती वाटली. मग मी ते चुरगाळून मोरीत टाकलं, आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. मला तो आवाज अजून येतो. माझी मुलं वहीचं पान फाडतात ना, तर माझ्या अंगावर काटा येतो. ती दोघं मला हसतात त्यावरून."

"आवाज झाला नव्हता," घड्याळजी म्हणाले. "ओला दोरा लावून काढलेलं आहे. त्याला आवाज होतच नाही."

कानांचं काम करणाऱ्या त्या बाईने हे ऐकलं. तिचे हात मांडीवर पालथे पडले होते आणि ती काचेपलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. बाहेर कुणीतरी नंबर पुकारला, कुणाच्या तरी चपला फरशीवरून घासत गेल्या.

"मग मी काय करत होते त्या दिवशी?" तिने विचारलं.

घड्याळजींनी तेव्हा चित्राबद्दल विचारलं होतं, अकरा दिवस फक्त चित्राबद्दलच. पुस्तक कशाला घेतलं होतंस, काय बघत होतीस, कुठली गोष्ट आवडली, हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. सात वर्षांची मुलगी बापाचं सर्वांत लाडकं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती, आणि कशासाठी, ते आता जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिलाही नाही.

"आठवून बघ," ते म्हणाले.

"बघतेय. तिथे हेच आहे. घोडा आणि तो आवाज. दुसरं काहीच नाही तिथे."

मग ती रडली. फार नाही. चष्मा काढून तिने डोळे पुसले, चष्मा परत लावला. घड्याळजींनी हात पुढे केला आणि तिच्या मनगटापाशी नेऊन थांबवला.

"तुम्ही सगळ्यांना सांगायचात, माफ केलं म्हणून," ती म्हणाली. "माझ्या सासरी सांगितलंत. मुलांना सांगितलंत. मला वाटायचं, बाबा किती मोठ्या मनाचे. मी एवढं केलं आणि तरी."

"चुकलो मी," घड्याळजी म्हणाले. "चुकलो, बाळा. ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना जाऊन सांगेन. पुष्कळ जण गेलेत. जे आहेत त्यांना सांगेन. आधी तुझ्या मुलांना."

तिने चित्र त्यांच्या हातून घेऊन टेबलावर ठेवलं.

घड्याळजी स्टुलावर पुढे सरकून बसले होते. हात गुडघ्यांवर, मान किंचित पुढे. तिने काहीतरी म्हणावं, असं त्यांना वाटत होतं. जाऊ द्या बाबा, एवढंच. फार दिवस झाले, एवढंच. ते शब्द त्यांना इतके हवे होते, की आयुष्यात त्यांना काही इतकं हवं झालं नव्हतं, एकही पुस्तक नाही. आणि तिने मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एकचाळीस वर्षांची बाई, केसांत दोन-चार पांढरे, आणि बघत होती ती नीट निरखून, इथे आता काय द्यायला हवं आहे ते शोधत. तिचे ओठ हलले.

घड्याळजी उठले. इतक्या झटकन उठले की स्टूल मागे कलंडलं.

"काही म्हणू नकोस," ते म्हणाले. "आत्ता नको. कधी म्हणावंसं वाटलं तर म्हण, नाही वाटलं तर नको म्हणूस. मी वाट बघणार नाही."

"बाबा, बसा ना. मी एवढंच म्हणत होते..."

"नको."

त्यांनी स्टूल सरळ केलं, चित्र तिच्या टेबलावर तसंच राहू दिलं आणि दार ओढून घेतलं. बाहेर बाकांवर लोक बसले होते, त्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ते जिन्यापाशी आले. कठडा धरून एकेक पायरी उतरू लागले. आणखी पाच मिनिटं समोर बसून राहिलो असतो तर तिने माफ केलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ते थांबले नाहीत.